भुईवरच्या गोचिडी

बायाक्का,

आपली ओळखच भांडणातून झाली. जत तालुक्यात माझी नवीन बदली झाली होती. जनावरांच्या दवाखान्यात गोचिडीच्या औषधाचे खोके येऊन पडले होते आणि ते संपवायची मला घाई होती. तुमच्या वस्तीवर येऊन मी म्हाळूला, तुमच्या मुलाला, समजावत होतो की महिन्याच्या महिन्याला सगळ्या मेंढ्यांवर फवारा मारायचा, एकदाही चुकवायचा नाही. तुम्ही दावणीजवळ बसून एका कोकराच्या खुरातला काटा काढत होतात. मान वर न करता म्हणालात,

"आरं डाक्टर, जनावरावरच्या मारशील. भुईवरच्या कोन मारनार?"

मी म्हणालो, गोचीड राहते जनावराच्या अंगावर.

"जेवायला येती अंगावर. ऱ्हाती भुईत."

मग तुम्ही मला शिकवलंत. पोट भरलं की गोचीड गळून पडते, भेगेत नाहीतर पाल्यात शिरते, ढीगभर अंडी घालते आणि मरते. काही आठवड्यांनी पिलं निघतात, गवताच्या शेंड्यावर चढून बसतात आणि एखादं जनावर अंगाला घासून जायची वाट बघतात. "आमी एका जागी दोन-तीन रातीच्या वर वाघर लावत न्हाई," तुम्ही म्हणालात. वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायचं तुमचं दोऱ्यांचं जाळं. "पिलं निघूस्तवर आमी पार कऱ्हाडाच्या पल्याड. त्येंनी वाट बघावी कुनाची? उपाशी मरत्यात."

हे सगळं मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. कुठल्याही वेळी गोचिडींतल्या थोड्याच जनावरावर असतात आणि बाकीचं सगळं गोकुळ जमिनीत असतं, हे पुस्तकात होतं. पण ते लिहून मार्क मिळवले आणि विसरलो. तुम्हाला मात्र ते पायांनी ठाऊक होतं. तरी त्या दिवशी मी औषधाचे दोन डबे तुमच्या दारात ठेवूनच गेलो.

पुढच्या वर्षी उपसा योजनेचं पाणी तुमच्या शिवारात आलं. म्हाळूनं एकरभर ऊस लावला, दोन संकरित गाई घेतल्या आणि त्यांच्यासाठी दगडी भिंतींचा गोठा बांधला. थोड्या मेंढ्याही कायमच्या तिथंच ठेवायच्या ठरल्या, कारण काजलची, तुमच्या नातीची, शाळा होती आणि सून रुक्मीनं आता फिरायला येणार नाही असं सांगून टाकलं होतं. तुम्ही गोठ्याला विरोध केलात. भिंतीत दगडादगडांत बोटं जातील एवढ्या फटी आहेत, त्या लिंपा नाहीतर गोठा पाडा, असं तुमचं म्हणणं. म्हाळू चिडला. "आये, सगळी दुनिया पुढं चालली, न् तू मला पुन्हा पालात ऱ्हायला सांगतीस!" त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हाळूची बाजू घेतली. म्हणालो, आक्का, औषध आहे ना.

तुम्ही त्यावर एवढंच म्हणालात, "पानी नगं असं कोन म्हनंल? पन पान्याबरूबर काय काय येतंय त्ये बी बघा."

काय आलं ते मी दुसऱ्या पावसाळ्यात बघितलं.

त्या सकाळी तुमचा फोन आला तेव्हा काजल तालुक्याच्या एका दवाखान्यात होती. तापाचा पाचवा दिवस. तुम्ही म्हणालात, "पोरीच्या अंगावर पुरळ आलंय. तळहातावर बी हाय, तळपायावर बी. तू ये." मी दहाच्या सुमाराला पोचलो. वॉर्ड डेंग्यूच्या पेशंटनी भरलेला होता, एका कॉटवर दोन-दोन माणसं. काजलला सलाईन लावलं होतं आणि ती डोळे अर्धे उघडे ठेवून वरच्या पंख्याकडं बघत होती. अकरा वर्षांची पोर, एरवी मला बघितलं की गाईच्या तक्रारी सांगत सुटायची.

तुम्ही कमरेच्या पिशवीतून काडेपेटी काढलीत. आत टम्म फुगलेली एक गोचीड होती. "कानामागनं काढली. ताप यायच्या आदी." तिथल्या तरुण डॉक्टरांना तुम्ही ती सकाळीच दाखवली होती. ते दोन दिवस झोपले नसावेत. म्हणाले होते, "आजी, खेड्यात गोचीड सगळ्यांनाच चावते. रिपोर्ट येऊ द्या."

तुम्ही माझ्याकडं वळलात. "सांग की त्येला."

"आक्का, मी जनावरांचा डॉक्टर. माणसांच्या डॉक्टरला मी काय सांगणार?"

"ताप वळखतुयास का न्हाई?"

"शंका आहे."

"मग?"

मी म्हणालो, दुपारचा रिपोर्ट बघू. आणि बाहेर बाकावर जाऊन बसलो. आक्का, तळहात-तळपायांवर पुरळ, कानामागं गोचीड, दारात गोठा आणि काजलच्या अंथरुणात झोपणारा कुत्रा. यातलं एकेक मला दिसत होतं. गोचिडीमुळं येणारा हा ताप लवकर ओळखला तर एका जुन्या, साध्या गोळीनं हटतो, आणि उशीर झाला तर माणूस हातचा जातो, हेही ठाऊक होतं. तरी मी बसून राहिलो. समोरच्या डॉक्टरांनी मला हसू नये म्हणून.

तीनच्या सुमाराला रुक्मी बाहेर आली, भिंतीला धरून. "डाक्टरसाहेब, ती मला वळखंना." तिच्या मागून तुम्ही आलात. माझ्यासमोर उभ्या राहिलात आणि हळू आवाजात विचारलंत, "डाक्टर, तुझी लाज मोठी का पोर मोठी?"

तेव्हा मी उठलो. सांगलीत विश्रामबागेतला माझा डॉक्टर मित्र शिरीष, त्याला फोन लावला. त्यानं तीनच प्रश्न विचारले. ताप किती दिवस, पुरळ तळहातावर आहे का, घरात कुत्रा आहे का. मग म्हणाला, "तिथल्या डॉक्टरांना फोन दे, आणि पोरीला घेऊन निघ." ते तरुण डॉक्टर फोनवर बोलत असताना मी त्यांचा चेहरा बघत होतो. ते हसले नाहीत. फोन ठेवून स्वतः धावत गेले, पहिला डोस त्यांनी तिथंच दिला, आणि तुम्हाला म्हणाले, "आजी, ती काडेपेटी बरोबर न्या."

सांगलीपर्यंतच्या रस्त्यात तुम्ही काजलच्या तोंडाशी तोंड नेऊन तिच्याशी बोलत होतात. मेंढ्यांची नावं घेत होतात, एकेक करून, आणि प्रत्येकीची खोड सांगत होतात. ती काही बोलत नव्हती. मिरजेच्या अलीकडं तिचे हात गार पडले. तुम्ही ते आपल्या काखेत धरलेत आणि नावं घेत राहिलात.

तिसऱ्या दिवशी ती उठून बसली. भूक लागली म्हणाली. मग आठवडाभरानं कळलं की डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही. शिरीषला मी एकट्यात विचारलं, पाच तास आधी डोस मिळाला असता तर? तो म्हणाला, असं कुणीच सांगू शकणार नाही, विचारू नकोस. तुम्ही मला त्या पाच तासांबद्दल कधीच विचारलं नाहीत. उलट वस्तीवर आलो की पहिली भाकरी माझ्या ताटात पडायची. मला तो घास जड जायचा, आक्का.

त्यानंतर मी मोजायला लागलो. पांढरं फ्लॅनेलचं कापड काठीला बांधून गवतावरून ओढायचं, दर काही पावलांनी उलटून बघायचं, चिकटलेल्या गोचिडी चिमट्यानं बाटलीत टाकायच्या. तुम्ही पहिल्यांदा बघितलंत तेव्हा पोट धरून हसलात. "सरकारनं तुला गवात पुसायला ठेवलंय व्हय रं?" पण दुसऱ्या फेरीला काठीचं एक टोक तुमच्या हातात होतं. खसखशीएवढी सहा पायांची पिलं माझ्याआधी तुम्हाला दिसायची.

गोठ्याच्या भिंतीच्या फटींत त्या खच्चून भरल्या होत्या. कुत्रा बसायचा त्या कोपऱ्यात बोट ठेवायला जागा नव्हती. कालव्याच्या बांधावरच्या गवतात होत्या. पूर्वी तुमच्याकडं चैत्र-वैशाखात जमीन अशी तापायची की अंडीच वाळून जायची. आता बांध बारमाही हिरवा राहतो आणि तिथं उंदीर येतात, ससे येतात, कुत्री येतात. गोचिडीची पुष्कळशी कुळं जन्मात तीनदाच जेवतात, तीन वेगवेगळ्या अंगांवर. त्या फिरण्यातूनच ताप एकाकडून दुसऱ्याकडं जातो, आणि हा ताप तर आईच्या अंड्यांतून पिलांतही उतरतो. म्हणजे एका गाईला किंवा एका माणसाला झालेला आजार बघून भागत नाही. जमिनीवर किती आहेत, कुठं आहेत, कशावर जगताहेत हे बघावं लागतं. हे मी तुम्हाला मोठ्या उत्साहानं सांगितलं, तर म्हणालात, "त्येच तर बोलले हुते की मी."

तुमच्या फिरत्या तळांवरही आपण कापड ओढलं, दोन ठिकाणी. बाटली जवळजवळ रिकामीच राहिली.

आणि तरीही मी ते वाक्य बोललो.

दिवाळीच्या आधी कऱ्हाडकडच्या मलकापूरजवळ एका गावात जनावरांचं शिबिर होतं. उसाचं, मोठ्या गोठ्यांचं गाव. गोचिडीच्या तापानं काही चांगल्या गाई मेल्या होत्या, एक म्हातारा माणूस आजारी होता आणि लोक घाबरलेले होते. माझं बोलणं झाल्यावर मागून कुणीतरी विचारलं, "साहेब, ह्या धनगरांच्या मेंढ्यांचं काय? त्यांच्याबरोबर येत असेल का?" मी खबरदारी म्हणून म्हणालो, बाहेरून आलेल्या कुठल्याही जनावराबरोबर गोचीड येऊ शकते. दुसऱ्या दिवशी ते गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर होतं, माझ्या नावासकट. 'शकते' हा शब्द कुठंतरी गळून गेला होता. 'मेंढ्यांबरोबर गोचीड येते, ताप येतो, धनगरांना शेतात बसवू नये.'

त्या गावात तुमच्या सासऱ्यांपासून मेंढ्या बसत होत्या. ऊस गेला की रिकाम्या वावरात तुमचा तळ पडायचा, वावराला खत मिळायचं, मेंढ्यांना पाला. मी तुम्हाला फोन करून सावध करायला हवं होतं. वाटलं, लोक विसरून जातील.

दिवाळीनंतर मी एकदा कामासाठी कऱ्हाडलाच आलो होतो, तेव्हा दुपारी बाराला म्हाळूचा फोन आला. मी पोचलो तेव्हा सगळा कळप हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर अडकला होता. एका अंगानं ट्रकची रांग, दुसऱ्या अंगानं शेताच्या बांधावर काठ्या घेतलेली दहा-बारा पोरं. मेंढ्या एकमेकींवर चढत होत्या. दोन गाभण मेंढ्या मधेच बसल्या होत्या आणि त्यांतली एक तिथं डांबरावरच वीत होती. म्हाळू हात पसरून गाड्या थोपवत होता. एका ट्रकनं भोंगा वाजवला आणि कळपाची कड फुटली. तीन मेंढ्या चाकाखाली गेल्या. मी ते डोळ्यांनी बघितलं.

तुम्ही मागं वळूनही बघितलं नाहीत. तुम्ही पोरांच्या समोर उभ्या होतात. "तुज्या आज्यानं मला ह्या बांधावर लुगडं दिलंय," एकाला म्हणत होतात. "आन् तू काठी दावतुयास?"

"आजी, आमी न्हाई म्हणत," तो पोरगा म्हणाला. वाईट नव्हता तो, घाबरलेला होता. "डॉक्टरच म्हणलेत." त्यानं मोबाइल पुढं केला, मग मला ओळखलं. "हे काय, हेच की! साहेब, तुमीच सांगा. म्हणला हुता का न्हाई?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. म्हाळू, पोरं, ट्रकवाले. तुम्हीही.

मी म्हणालो, "मी असं म्हणालो नव्हतो. म्हणजे, येऊ शकते असं म्हणालो होतो."

"मग येती का न्हाई ते सांगा."

"त्याची मोजणी चालू आहे. अजून एक हंगाम बघावा लागेल. तोवर नक्की काही सांगता येणार नाही."

आक्का, शास्त्राच्या दृष्टीनं ते उत्तर बरोबर होतं. पोरानं तुमच्याकडं बघून हात पसरले, बघा म्हणून. तुम्ही माझ्याजवळ आलात. इतकी वर्षं मला 'तू' म्हणणाऱ्या तुम्ही, त्या दिवशी म्हणालात,

"तुमचं मोजून झालं की सांगा, डाक्टर."

आणि ओलं कोकरू पदरात घेऊन कळपाच्या पुढं झालात. तिथून कळप माघारी वळला. पाल्यावाचून दोन दिवस चालताना आणखी चार मेंढ्या गेल्या हे मला म्हाळूकडून कळलं.

पुढचं वर्षभर मी मोजत राहिलो. तुमच्या तळांवर आलो तर तुम्ही मला अडवलं नाहीत. "म्हाळू, साहेबास्नी जागा दाव," एवढं म्हणून आत जायचात. काठीचं दुसरं टोक म्हाळू धरायचा. मी गोठे तपासले, बांध तपासले, त्या उसाच्या गावातले सिमेंटचे नवे गोठेही तपासले, आणि तुमच्या मुक्कामांच्या जागा, तळ उठल्यावर आठवड्यानं, महिन्यानं, दोन महिन्यांनी. पाऊस संपला तोवर सगळं हाताशी आलं. जिथं जनावर कायम बांधलेलं, भिंतीला फटी, दारात कुत्रा आणि जवळ बारमाही ओलावा, तिथं गोचिडी. जिथून कळप उठून गेला तिथं जवळजवळ काही नाही. गावातला ताप गावातच वाढला होता.

त्याच रविवारी गाडी काढून तुमच्याकडं यायला हवं होतं. मी ठरवलं की आधी अहवाल लिहू, वरिष्ठांची सही घेऊ, मग कुणाला शंकाच उरणार नाही. अहवाल वरच्या टेबलावर गेला आणि पडून राहिला. तोंडी सांगायला सही लागत नव्हती. मला भीती वाटत होती की तुम्ही विचाराल, मग गेल्या साली का न्हाई बोललास?

दिवाळीनंतर कऱ्हाडची वाट बंद म्हणून तुम्ही उत्तरेला गेलात, खंडाळ्याच्या बाजूला, अनोळखी मुलखात. तिथून म्हाळूचा फोन आला. "आय गेली, डाक्टरसाहेब. सकाळी वाघर गोळा करता करता खाली बसली, ती उठलीच न्हाई." तिथल्या डॉक्टरांनी हृदय म्हटलं. वय झालं होतं, हे सगळ्यांनी मला सांगितलं. मीही मान हलवली. पण तो माळ दगडांचा होता, पाणी लांब होतं आणि तुम्ही तिथं हौसेनं गेला नव्हतात.

मी वस्तीवर भेटायला गेलो तेव्हा काजल मला बघून रडली नाही. मी काहीतरी बोललो ते तिला कळलं नाही, म्हणून तिनं मान वळवून उजवा कान माझ्याकडं केला.

परवा मी त्या गावात गेलो, मलकापूरजवळच्या. सहीची वाट न बघता. ग्रामपंचायतीच्या खोलीत तीस-चाळीस माणसं होती, काठी घेतलेला तो पोरगाही होता. मी सगळं सांगितलं. गोचिडी तुमच्याच गोठ्यांत आहेत, असं त्यांना म्हटल्यावर आवाज चढले. एकजण म्हणाला, "आता आमच्यावर ढकलताय व्हय?" पोरगा म्हणाला, "तवा एक सांगितलं, आता दुसरं. खरं कंचं?" मी म्हणालो, हे खरं. चला, दाखवतो. सरपंचबाईंच्याच गोठ्यात गेलो. मी भिंतीच्या फटीत काडी घातली आणि बाहेर पांढरं कापड धरलं. गोचिडी कापडावर गळून पडायला लागल्या. सरपंचबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हितंच तर माझी लेकरं खेळत्यात." मग फटी लिंपायचं, कुत्र्यांना औषध लावायचं, ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं सांगायचं, असं सगळं ठरलं. म्हाळूला निरोप धाडायचंही ठरलं की वावरं मोकळी आहेत.

सगळे निघाल्यावर एक म्हातारे गृहस्थ मागं थांबले. फौजेतून निवृत्त झालेले, ताठ उभे राहणारे. त्यांच्या वावरात तुमचा तळ पडायचा.

"ती म्हातारी आमच्या पोरांसंगं भांडली हुती त्या दिवशी," ते म्हणाले. "तिला सांगितलं का तुमी ह्ये?"

"त्या गेल्या. तीन आठवडे होतील."

त्यांनी विचारलं, "त्याच्या आदी?"

"नाही," मी म्हणालो. "त्याच्या आधीही नाही."

म्हणून आता सांगतो, आक्का. तुमच्या मेंढ्यांनी ताप नेला नव्हता. पुढच्या वर्षभराच्या मोजणीनं ते पक्कं झालं, इतकंच. रस्त्यावर तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होतात, तेव्हाही ते मला ठाऊक होतं.